अर्थ सांगू नका

डोंबिवली पूर्वेचा मानपाडा रस्ता कल्याण-शीळ रस्त्याला जिथं मिळतो, त्या भागात मी राहते आणि पौरोहित्य करते. आधी शाळेत संस्कृत शिकवायचे, निवृत्तीनंतर पूजा सांगायला लागले. (ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर दुसरा एक मानपाडा आहे. नवे यजमान हमखास गल्लत करतात आणि गाडी पाठवायची तर तिकडे पाठवतात. म्हणून पत्ता देताना 'शीळ रस्त्याचा मानपाडा' असं बजावून सांगते.) कामाला तोटा नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना टॉवर उठताहेत, मधून मेट्रोचे खांब चाललेत आणि प्रत्येक नव्या घराला वास्तुशांत लागते. बाई पूजा सांगते याचं अप्रूप आता ओसरलंय. फोनवर एक प्रश्न अजून येतो, "त्या तारखेला तुमची काही अडचण वगैरे नाही ना?" मी साठी ओलांडली आहे हे सांगितलं की पलीकडचा आवाज मोकळा होतो.

एका लग्नात मुलीचे वडील हयात नव्हते. कन्यादान आई करणार होती. मी मंत्र म्हणत होते आणि शाळेतल्या सवयीने मधेमधे मराठीत अर्थ सांगत होते. जुन्या संकल्पात मुलीचा उच्चार द्यायच्या वस्तूसारखा येतो, म्हणून आपण आज हे शब्द थोडे बदलून म्हणतोय, एवढंच सांगितलं. मुलाकडचे एक काका वाकून माझ्या कानाशी आले. "बाई, उच्चार फार सुरेख आहेत तुमचे. पण अर्थ सांगू नका. नुसतं म्हणा." चिडले नव्हते. दक्षिणाही त्यांनीच आणून दिली, ठरल्यापेक्षा जास्त.

बाईने शिकावं की शिकू नये यावरून आपल्याकडे भांडण झालं, असं आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. ते खरंच आहे. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलं ते शिकवायला निघाल्या म्हणूनच. पण ज्या बायका कशाबशा शिकल्या, त्यांच्या गोष्टी नीट वाचल्या तर निराळंच काही दिसतं. पाठ केलेलं म्हणून दाखवणाऱ्या बाईला शाल-श्रीफळ द्यायला धर्माची मंडळी एका पायावर तयार असतात. आमच्या धर्माची असोत की दुसऱ्या. कुरबूर सुरू होते ती बाई अर्थ लावायला लागल्यावर. त्या काकांच्या आधी निदान दीडशे वर्षं हेच वाक्य निरनिराळ्या भाषांत आणि निरनिराळ्या वेशांत म्हटलं गेलं आहे.

आमच्या मानपाडा गावठाणात आगरी वस्ती जुनी आहे. त्यांच्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून प्रत्येक विधीचे धवले तिला तोंडपाठ. ती गाते आणि त्या गाण्यांवर लग्न लागतं. ओळखीच्या एक म्हाताऱ्या धवलारीण मला पहिल्यांदा पूजेची पिशवी घेऊन जाताना पाहून म्हणाल्या, "आमचेत बाईच लगीन लावते. तुमचा नवाल कसला?" त्यांना कुणी अर्थ सांगू नका असं म्हणत नाही, कारण त्यांचं गाणं मुळात बोलीतलं, सगळ्यांना कळणारं. पोथीच्या धर्मात मात्र अर्थाला राखणदार असतात.

आता कल्याणकडे वळू. आमच्याकडून रिक्षाने फार लांब नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ साली सुरू झालं. दुसऱ्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ ला, कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना जन्मली. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोश्यांशी झालं आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. पुढची डॉक्टर होण्याची कथा आपल्याला चित्रपट-मालिकांतून पाठ आहे. धर्माची बाजू त्यात घाईघाईने उरकली जाते, म्हणून तेवढीच सांगते.

१८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुराहून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला शिकवायचंय, अमेरिकेत काही सोय होईल का? उत्तराचा मथितार्थ असा होता की ख्रिस्त स्वीकारा, मग पाहू. वाइल्डरने हा पत्रव्यवहार आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू'मध्ये छापून टाकला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना तो अंक चाळला आणि त्यांनी आपणहून कल्याणच्या या मुलीशी पत्रमैत्री जोडली. धर्माची अट घालणाराही ख्रिस्ती आणि अट न घालता घर उघडणारीही ख्रिस्ती. असहिष्णुतेचा हिशेब धर्मवार मांडायला गेलं की असा अडतो.

आनंदीला इकडून भीती घातली जात होती वाळीत टाकण्याची. समुद्र ओलांडला की जात गेली. २४ फेब्रुवारी १८८३ ला कलकत्त्याजवळ श्रीरामपूरच्या कॉलेजात ती लोकांसमोर उभी राहिली. अजून अठरा पुरी नव्हती. लोक जे प्रश्न तिला विचारत ते तिने एकेक करून स्वतःच मांडले आणि त्यांना उत्तरं दिली. पुस्तकं घेऊन रस्त्याने जाताना लोक गोळा होतात, हसतात, ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित माणसं खडे मारतात, दुकानदार थुंकतात, हे सगळं तिने त्या सभेत इंग्रजीत सांगितलं. आणि म्हणाली, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. एप्रिलमध्ये बोटीत बसली. बोटीवर सोबतच्या मिशनरी बायकांनी तिचं मन वळवायचा खटाटोप केला, तो फुकट गेला. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. क्षयाने पोखरून ती परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस पुरी व्हायच्या आत.

शब्द पाळला म्हणून आनंदी सगळ्यांची झाली. अमेरिकेत बालविवाहावर बोलायची वेळ आली तेव्हा तिने आपल्या समाजाचीच बाजू उचलून धरली होती. परक्या मुलखात सगळे आपल्यावर बोट रोखून बसलेले असताना माणूस असंच करतं. मला त्यात नवल वाटत नाही. पण तिच्या विचाराची धार पाहायची असेल तर तिची नवऱ्याला लिहिलेली पत्रं पाहावीत. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणं, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं फेकणं, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी देणं, हे शिकवणं होतं का, असा रोखठोक सवाल तिने अमेरिकेतून त्याला घातला आहे. हा सवाल ती पुढे चारचौघांत विचारती, तर पुण्याने तिला खांद्यावर घेतलं असतं का, मला शंका आहे. तशी वेळ आली नाही. तिची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. ती पोकीप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत आहे.

याच गोपाळरावांनी १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये एक सभा जमवली. टिळक, रानडे वगैरे मोठमोठी मंडळी आली. भाषण संपल्यावर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी भिडेखातर कप नुसता हातात धरला. मग हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आली, ती गोपाळरावांच्याच कृपेने. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, पंच बसले, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनीही घेतलं. कपभर चहासाठी एवढं. पण लक्षात घ्या, पुरुषांना प्रायश्चित्ताची वाट होती. दर्भ, पंचगव्य, दक्षिणा, झालं, पुन्हा पंगतीत. मी हा विधी जाणते, तो अवघड नाही. ज्या बाईने विचारच बदलला तिच्यासाठी असा कुठलाच विधी नव्हता.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आनंदीच्या पदवीदानाला त्या मुद्दाम इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. दोघी लांबच्या नात्यातल्या.

रमाबाईंची गोष्ट वडिलांपासून सुरू होते. अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकत. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत असत. वाड्यातून येणारे ते श्लोक ऐकून या विद्यार्थ्याने मनाशी ठरवलं की आपल्याही बायकोला शिकवायचं. पहिल्या पत्नीला घरच्यांनी शिकू दिलं नाही. दुसरी लक्ष्मीबाई, नऊ वर्षांची. पैठणला नदीवर स्नानाला आलेले असताना ओळख झाली आणि दुसऱ्या दिवशी लग्न झालं. तिला त्यांनी खरोखरच शिकवलं. लोक खवळले. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधार काढून दाखवला, सभेने मान्य केला आणि तरी शेवटी ते सह्याद्रीत गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथं २३ एप्रिल १८५८ ला रमा जन्मली. तिला आईने शिकवलं, पहाटे, घरकामाला लागायच्या आधी. अनंतशास्त्र्यांनी बायको-मुलींना काव्य, व्याकरण, पुराणं शिकवली. वेद मात्र नाही. तेवढी रेघ त्यांनीही ओलांडली नाही.

पुढे पुराणं सांगत, तीर्थं हिंडत हे कुटुंब पायी फिरलं. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील, बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची अविवाहित मराठी ब्राह्मण मुलगी, भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत, संस्कृतात बोलते! पंडितांनी परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' अशा दोन पदव्या दिल्या. इथवर सगळं छान. नुसतं म्हणण्याचा भाग होता ना हा.

मग ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी विचारलं, वेद वाचले आहेत का? नाही म्हटल्यावर त्यांनी प्रत हातात ठेवली. कलकत्त्यातल्याच लोकांनी बायकांपुढे स्त्रीधर्मावर बोलायची विनंती केली, म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ काढले. त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की बाकी सगळ्या बाबतींत एका ग्रंथाचं दुसऱ्याशी पटत नाही, पण दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत दिसलं. बाई, मग ती वरच्या जातीची असो की खालच्या, मुळात वाईट. आणि तिला मोक्ष मिळायचा तो पुरुषासारखा मिळायचा नाही. व्याख्यानाची तयारी करता करता एका विदुषीला लागलेला हा शोध आहे. मी बायकांचे पौरोहित्याचे वर्ग घेते. मनुस्मृतीचे काही अध्याय मूळ संस्कृतातून वाचायला लावते, तेव्हा हीच शांतता वर्गात पसरलेली मी पाहिली आहे. एक विद्यार्थिनी म्हणाली होती, "मॅडम, हे आपण वाचलंच नसतं तर बरं."

१८८० साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी लग्न केलं. दीड-पावणेदोन वर्षांत तो पटकीने गेला. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यात आल्या. सुधारकांनी डोक्यावर घेतलं. आर्य महिला समाज निघाला. 'स्त्रीधर्मनीति' छापलं. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-शिक्षक हवेत असं सांगितलं. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' आलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्याने ताराबाई पेटून उठल्या होत्या. पुरुष जे नियम बाईला लावतात ते स्वतःला का लावत नाहीत, हा त्यांचा प्रश्न. त्या पुस्तकानंतर ताराबाईंनी काही छापल्याचं दिसत नाही. त्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये आला होता. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हाला धर्म कुठला, असं ती थेट देवालाच विचारते. धर्मावरची इतकी सरळ हरकत मराठीत त्याआधी फार थोड्यांनी घेतली असेल. चौदा वर्षांची मुलगी. तिचंही पुढचं काही आपल्या हाती नाही. बंदी घालावीच लागते असं नाही, पुढचं पान मागणारं कुणी नसलं तरी पुरतं.

रमाबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. १८८३ मध्ये त्या वैद्यक शिकायला इंग्लंडला, वाँटेजच्या मठात गेल्या. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तिथं आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबरला, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात आकांत झाला. डोक्यावर घेतलेलं लोकांनी खाली आपटलं. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली: जो धर्म बाईला असं वागवतो तो वाचून कळल्यावर तिने तो सोडला, यात गैर काय?

आमच्याकडे गोष्ट इथंच संपवायची रीत आहे. धर्म बदलला, विषय संपला. पण खरी चव पुढेच आहे. ज्यांनी रमाबाईंना जिंकलं असं वाटत होतं, त्या मठवासी बायकांचीही झोप त्यांनी उडवली. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे आणि तो वाचताना मला हसूही येतं आणि पोटात कालवतंही. रमाबाई बायबल स्वतः वाचतात आणि विचारतात, त्रैक्याचा सिद्धांत यात नेमका कुठे आहे? चर्चने सांगितलं म्हणून मानायचं, हे त्यांना जमत नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटले, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. मठातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं. रमाबाईंचं म्हणणं, लॅटिन आमच्या संस्कृतापेक्षा कशाने पवित्र? माझ्या देशातल्या बायकांना कळेल असं लिहा. पुडिंगमध्ये अंडं असतं म्हणून त्या ते खात नाहीत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा ताठा दिसतो. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी मुलग्यांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवलं की हे बरं दिसणार नाही, मायदेशी त्यांचं वजन कमी होईल. बाईने पुरुषांना शिकवू नये हे इंग्रज धर्मगुरूंचं मत आणि बाईला शिकवू नये हे अनंतशास्त्र्यांना उडुपीला खेचणाऱ्यांचं मत, यांत मला तरी फारसं अंतर दिसत नाही.

जेराल्डीनबाईंवर मात्र अन्याय व्हायला नको. त्यांनी मनोरमेला आईच्या मायेने सांभाळलं. त्यांच्या पत्रांतला सूर तुसडा नाही, दुखावलेला आहे. आपण प्रेमाने जवळ केलेली मुलगी हातातून निसटतेय असा. त्या लग्नातल्या काकांचा सूरही गोडच होता.

हे फक्त आपल्याकडे किंवा इंग्रजांकडेच झालं असं नाही. पॅरिसमध्ये १ जून १३१० ला मार्गरीत पोरेत नावाच्या बाईला जिवंत जाळलं. आत्मा आणि देव यांच्यातल्या प्रेमावर तिने लॅटिनमध्ये नाही, लोकभाषेत पुस्तक लिहिलं होतं. ते आधी एकदा तिच्यादेखत जाळलं, तरी ती वाटत राहिली. चौकशीत दीड वर्ष तोंड उघडलं नाही. गंमत पुढे आहे: पुस्तक निनावी होऊन मठांतून शतकानुशतकं भक्तिभावाने वाचलं गेलं. ते तिचं आहे हे १९४६ साली एका इटालियन संशोधिकेने ओळखलं. विचार चालला, बाई चालली नाही. मेक्सिकोतली जोगीण सोर ह्वाना इनेस द ला क्रूस हिने एका नामांकित पाद्र्याच्या प्रवचनाची चिरफाड केली. बिशपने १६९० मध्ये ती छापली आणि वर, बाईमाणसाने धर्मापुरतंच वाचावं, असा उपदेश जोडला. सही केली 'सिस्टर फिलोतेया'. म्हणजे बिशपाने बाईचं नाव घेऊन बाईला दटावलं. तिने सणसणीत उत्तर दिलं, पण चार-पाच वर्षांत तिला ग्रंथसंग्रह सोडावा लागला आणि १६९५ मध्ये साथीत आजारी बहिणींची शुश्रूषा करताना ती वारली. तिच्याच काळात आपल्याकडे शिवूरच्या बहिणाबाई होत्या. ब्राह्मणाघरची सून तुकोबांना, एका कुणब्याला, गुरू मानते म्हणून वैदिक नवऱ्याचा मार खाल्लेली. देहूत मंबाजी गोसाव्याने त्यांच्यामागे लावलेला ससेमिरा त्यांनी स्वतःच्याच अभंगांत नोंदवला आहे. आणि ब्राह्मण कुणाला म्हणावं यावर खल करणारी 'वज्रसूची' त्यांनी मराठी अभंगांत उतरवली. हे आमच्या कीर्तनांत फारसं येत नाही. त्यांच्या लाडक्या वासराची गोष्ट तेवढी येते.

पुन्हा रमाबाईंकडे वळू. आनंदीच्या पदवीदानाला गेलेल्या त्या अमेरिकेतून पैसा आणि पाठबळ उभं करून परतल्या. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे १८८७ चं पुस्तक त्यांनी आईच्या, लक्ष्मीबाईंच्या, स्मृतीला अर्पण केलं होतं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्यात हललं. विधवांसाठी निवासी शाळा. जेवणखाण, सोवळंओवळं ज्याचं त्याने पाळावं. धर्म शिकवायचा नाही ही अट. सल्लागारांत रानडे, भांडारकर. मुलींत गोदूबाई, म्हणजे पुढच्या धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. सगळं सुरळीत चाललं होतं ते एका दारापाशी अडलं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीसोबत प्रार्थना करत आणि दार लावत नसत. कुणी मुली आपणहून येऊन बसत. दार लावून घ्या, असं सांगण्यात आलं. रमाबाईंनी नकार दिला. मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं आणि पंचवीसेक मुलींना पालकांनी काढून नेलं.

इथं माझं मत सांगते, कुणाला रुचो न रुचो. पालकांची भीती बिनबुडाची नव्हती. काही मुली खरंच ख्रिस्ती झाल्या. मी आई असते तर मलाही धाकधूक वाटली असती. रमाबाईंचं धर्मांतर मला पटत नाही. ज्या उपनिषदांच्या जोरावर मी अजून या धर्मात पाय रोवून उभी आहे ती त्यांच्याही हाताशी होती. पण त्यांनी मला पटेल असं वागावं ही अपेक्षाच मुळात चुकीची. त्या दाराच्या प्रकरणात मी त्यांच्या बाजूची आहे. ज्या विधवांना घरात कोपऱ्यातही उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांच्या धर्माची काळजी अचानक सगळ्या पुण्याला लागावी, हे मला आजही पचत नाही. त्या पंचवीस मुलींचं घरी गेल्यावर काय झालं, हे कुठल्या अग्रलेखाने विचारलं?

पुढे केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून गाड्या भरभरून मुली-बायका घेऊन आल्या. मुक्ती सदनात शतकाच्या वळणावर दीड-दोन हजार बायका-मुली राहत होत्या. शेती, तेलघाणा, विणकाम, छापखाना सगळं बायकांच्या हातात. तिथं मात्र धर्म लपवाछपवीचा नव्हता, ती उघड ख्रिस्ती संस्था होती. पुण्याशी नातं तुटलंच. मराठी सुधारणेच्या इतिहासात त्यांचं पान कितीतरी वर्षं दुमडलेलं राहिलं. टपाल खात्याने तिकीट काढलं ते १९८९ साली.

बायकांना पूजा सांगू देण्याचं श्रेय आम्ही पुण्याच्या शंकरराव थत्त्यांना देतो. १९७० च्या दशकात त्यांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, नंतर ज्ञानप्रबोधिनीने तो वसा घेतला. साकोरीला उपासनी महाराजांच्या आश्रमातल्या कन्या त्याही आधीपासून यज्ञ करत आल्या. हे सगळे उपकार आहेतच. पण आमच्या वर्गाच्या भिंतीवर मी आणखी एक तसबीर लावली, रमाबाईंची. दोन विद्यार्थिनींच्या घरून निरोप आला की ख्रिस्ती बाईचा फोटो कशाला? मी म्हटलं, इथं बसलेल्या कुठल्याही बाईपेक्षा, माझ्यासकट, यांना संस्कृत जास्त येत होतं. एक विद्यार्थिनी येईनाशी झाली, दुसरी येते.

रमाबाईंचं शेवटचं काम बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठी बायबल आधीपासून होतं, पण त्याची भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही आणि त्यातल्या शब्दांना हिंदू कल्पना चिकटलेल्या आहेत, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून ओळीन् ओळ नव्याने केली. खिळे केडगावच्या मुलींनी जुळवले. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. चर्चनी ते भाषांतर फारसं उचललं नाही, जुनंच चालू ठेवलं. आणि मला त्यातली एक गोष्ट फार बोचते. 'पंडिता' ही पदवी ज्या भाषेने दिली, तिचे शब्द त्यांनी वेचून वेचून बाहेर काढले, जणू त्यांचा विटाळ होतो. पुणे आणि वाँटेज, दोन्हींशी भांडलेल्या बाईच्या हातूनही अखेरीस एक सोवळं पाळलं गेलंच. मी यावर वर्गात त्यांच्याशी भांडते, तसबिरीकडे बघून, आणि मुली हसतात. मग आम्ही त्यांचा एखादा परिच्छेद घेतो, जुन्या भाषांतरातला तोच परिच्छेद शेजारी ठेवतो आणि कुठला अर्थ कुठे हरवला ते शोधत बसतो.